तिच्या विसाव्याचा हिशेब



या सदरातून आम्ही गोड बातमी दिली तेव्हापासून तुमच्या दुआ आमच्यापर्यंत पोहोचत आहेत. अल्हमदुलिल्लाह, सहावा महिना सुरू आहे. बाळ आता पोटात हातपाय हलवतं, आणि तेही नेमकं इशाच्या नमाजनंतर, आम्ही दोघं जरा टेकलो की. इन्शाअल्लाह रमजानमध्ये ते आमच्या घरी येईल.

काही बहिणींनी विचारलं आहे, की अशा दिवसांत प्रवास करावा का? आमच्या घरात हा वाद रोजचाच. आम्ही बीडला राहतो. माहेर अंबाजोगाईला, नातेवाईक परळीपासून अहिल्यानगरपर्यंत पसरलेले. अम्मी म्हणतात, बाळंत होईपर्यंत उंबरा ओलांडू नकोस. अंबाजोगाईची अम्मी म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात घेऊन या. आणि आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, तब्येत ठीक असेल तर चौथा, पाचवा, सहावा हे महिने प्रवासाला बरे. सुरुवातीला उलट्या-चक्कर असते आणि शेवटी केव्हा कळा येतील याचा नेम नसतो.

तर आम्ही प्रवास केला. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज करत अंबाजोगाई. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची काळजी कमी. चाकावरची आणि मागची सीट टाळायची, मधली धरायची, हे पहिल्याच फेरीत पाठीनं शिकवलं. सप्टेंबरात आणखी एक नवल झालं. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. आमच्या आजोबांच्या पिढीनं जिची नुसती चर्चा ऐकली, त्या गाडीत आम्ही दोघं, खरं तर अडीच जण, बसून आलो. पोटात बाळ असलेल्या बाईला रेल्वेचं सुख काय असतं ते तिलाच विचारा. उठता येतं, चार पावलं चालता येतं, आणि गाडी थांबवा म्हणून कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही.

इतकं लिहून हा लेख संपवता आला असता. पण ९ ऑक्टोबरला आम्हाला एक जोडपं भेटलं, आणि प्रवास या शब्दाचा अर्थच बदलला.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला. २०१६ पासून चालू आहे. आम्ही रांगेत होतो. शेजारी बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावाहून आलेली पोरगी बसली होती, वीस-एकवीस वर्षांची. सोबत नवरा आणि सासू. बोलता बोलता कळलं, की हिचेही दिवस आमच्याइतकेच, पाचवा महिना. तिच्या कार्डावर हिमोग्लोबिन लिहिलं होतं ८.४. अकराच्या खाली आलं तर गरोदर बाईला रक्त कमी आहे असं धरतात. ती मात्र कार्डाकडे पाहत नव्हती. ती नवऱ्याला हळूच विचारत होती, "मुकादम काय म्हणला?"

दिवाळी झाली की त्यांचा ट्रॅक्टर निघणार होता. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर, ऊसतोडीला. उचल घेऊन झाली होती आणि खर्चूनही झाली होती. सप्टेंबरच्या पावसानं यंदा आपल्या जिल्ह्यात काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. यांचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं.

बीडकरांना सांगायला नको, पण जे बाहेरगावी हे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत मजूर एकेकटे मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल कोयत्याला मिळते, पन्नास हजारांपासून लाखभर, कधी त्याहूनही जास्त. काम टनावर. तो ऊस तोडतो, ती साळते, गोळा करते, मोळी बांधते, आणि मग दोघं डोक्यावरून मोळ्या वाहून गाडीत भरतात. मोळी वीस-पंचवीस किलोंची. पहाटे चारला फडात जायचं, त्याआधी उठून भाकरी थापायच्या. दिवसभरात दोघांनी मिळून साधारण दोन टन. रात्री-अपरात्री गाडी आली तर उठून भरायची. राहायला कोपी, पाणी मिळेल तिथून. दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा कुठे टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. आणि एक दिवस काम चुकलं तर तो 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही उचलीत धरला जातो.

आता यात पोटुशी बाई बसवून पाहा. ती बसली, की कोयता अर्धा झाला. एकट्या नवऱ्याला उचल फिटत नाही. म्हणजे तिच्या विसाव्याला रोजचा भाव आहे, आणि तो भाव ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच भरायचा आहे.

ही एका पोरीची गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. यात सगळ्या जाती-जमातींची, धर्मांची माणसं आहेत. २०२५ च्या जूनमध्ये आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. आदल्या हंगामात दीड हजारांहून अधिक गरोदर बायका फडात काम करत होत्या. आणि जाण्याआधी आठशेच्या वर बायकांनी गर्भपिशवी काढून घेतली होती.

पिशवीचा विषय जुना आहे. २०१९ मध्ये त्याचा गाजावाजा झाला, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय असं ऑपरेशन करता येणार नाही, असा नियम लागला. का काढतात? अंगावरून जातं, पोट दुखतं, फडात ना संडास ना आडोसा, पाळीचे चार दिवसही खाडा परवडत नाही. कुणीतरी सांगतं, पिशवी काढ, कटकट मिटेल. कटकट मिटत नाही. कंबर, सांधे, अशक्तपणा, सगळं पंचविशी-तिशीतच मागं लागतं.

रांगेतली सासू हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, माझी काढली तवा हा पोरगा शाळेत बी जात नव्हता. सव्विसाव्या वर्षी. आणि हा झाला त्यो फडातच. पाचव्या दिवशी मी मोळ्या बांधत होते." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जणू कुणाचा पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं.

आम्ही काय बोलणार? आमच्या शेजारच्या खालानं गेल्या महिन्यातल्या ग्रहणात आम्हाला बजावलं होतं, सुरी-विळी हातात धरू नकोस, बाळाला व्यंग येईल. खरं तर ग्रहण कुणाच्या जन्मानं-मृत्यूनं लागत नाही, हे आपल्याला प्यारे नबी (सल्ल.) यांनी शिकवलं आहे, आणि त्या रात्री आम्ही नमाज पढून निवांत झोपलो. पण खाला बिचारी मायेनं सांगत होती. आम्हाला सुरी धरू नको म्हणणारं कुणीतरी होतं. या पोरीच्या हातात चार महिने मोळ्या आणि नवऱ्याच्या हातात कोयता, आणि तिला नको म्हणणारं कोण?

तर नको म्हणणारं निघालं. ती सासूच. डॉक्टरांनी पोरीला सांगितलं, जड उचलायचं नाही, गोळ्या रोज घ्यायच्या, पुढच्या महिन्यात परत दाखवायचं. बाहेर येऊन झाडाखाली तिघांची बोलणी झाली. आम्ही थोडं अंतर ठेवून उभे होतो, पण ऐकू येत होतं. नवरा म्हणत होता, घेऊन जातो, ती नुसता सैपाक करील. सासू म्हणाली, "फडावर नुसता सैपाक कुणी करत नसतं. मी येते तुझ्यासंगं. कोयता मायलेकाचा धरू. ती घरी राहील आजीपाशी."

असं होतं. कोयता बापलेकाचा असतो, भाऊ-बहिणीचा असतो, मायलेकाचाही असतो. पोरगी रडायला लागली. आनंदानं की शरमेनं, कुणास ठाऊक.

घरी येताना आम्ही त्या बाईचं कौतुक करत होतो. किती मोठं मन! आणि मग आमच्यातली जी आहे, जिच्या पोटात बाळ आहे, ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्या घरी तरी वेगळं काय झालंय?"

आता कबुली द्यायला हवी. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की पिंप, हंडे, कळशा भरून घ्यायच्या आणि वर गच्चीवर न्यायच्या. चौथ्या महिन्यापर्यंत ती हे करत होती. मग डॉक्टरबाई रागावल्या आणि आम्ही दोघांनी ठरवलं, की आता तिनं आराम करायचा. आम्हाला वाटलं, केवढं समजूतदार घर आपलं! पण त्या दिवसापासून हंडे कोण उचलत होतं? अम्मी. साठीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या अम्मी. पहाटेचा चहा, डबे, भाकरी, सगळं त्यांच्याकडे सरकलं होतं. आमच्यातला जो आहे, तो शाळेतून येऊन विचारायचा, "आज आराम केलास ना?" आणि पेपर उघडून बसायचा. मुकादम नाही, उचल नाही, खाडा नाही. तरी आमच्याही घरात एका बाईचा विसावा दुसऱ्या बाईच्या कमरेवर ठेवलेला होता.

रांगेतल्या त्या नवऱ्याला तरी नाइलाज होता. तो आधीच कोयता धरून उभा होता. आमच्या घरातल्या पुरुषाला काय नाइलाज होता?

हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारलं होतं, की नबी (सल्ल.) घरी असताना काय करत? त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, दुसऱ्यांना सांगतही आलो. पण हंड्याशी तिचा संबंध आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आता पाणी आलं की हंडे तो उचलतो. पहाटेचा चहा आणि पीठ मळणं त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात अम्मींना ते पाहवेना, शेजारी काय म्हणतील म्हणून दार लावून घ्यायच्या. आता दार उघडं असतं.

कुरआनमध्ये हजरत मरियम (अलै.) यांच्या बाळंतपणाची कथा आहे. घरापासून दूर, एकट्या, कळा सोसत त्या खजुराच्या झाडाखाली आल्या. तिथं त्यांना दिलासा मिळाला, पायाशी पाण्याचा झरा आणि वर पिकलेले खजूर मिळाले. खा, पी, डोळे निव, असा निरोप मिळाला. आम्हाला त्यातून एवढंच उमजतं, की अशा बाईला आधी दिलासा, पाणी आणि अन्न द्यावं; बाकी सगळं नंतर.

रमजानविषयीही अम्मींशी बोलणं झालं. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आईला स्वतःची किंवा बाळाची काळजी असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीननं दिली आहे. ती कशी भरून काढायची, ते आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं. पण सवलत घेणाऱ्या सुनेकडे दस्तरखानावर वाकड्या नजरेनं पाहू नये. आणि रोजा नाही म्हणून सहेरी-इफ्तारीचा सगळा सैपाक तिच्याच गळ्यात घालू नये. बऱ्याच घरांत नेमकं हेच होतं.

आता ज्या बहिणींनी प्रवासाचं विचारलं, त्यांच्यासाठी आम्ही जे शिकलो ते सांगतो. पहिले तीन महिने संपायच्या आत आशाताई किंवा नर्सबाईंकडे नाव नोंदवा. माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते कुठंही जाताना पर्समध्ये ठेवा. मुंबईला जा, कोल्हापूरला जा, कार्ड पाहून तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढची तपासणी होते. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८०. त्या चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाणी चालतं. रक्त आधीच कमी असेल तर डोस डॉक्टर सांगतील तसा. लघवी येऊ नये म्हणून प्रवासात पाणी पिणं बंद करू नका. हे आपण बाया सगळ्याच करतो, आणि त्यातूनच जळजळ, ताप, पुढची दुखणी येतात.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर मुक्काम गाठायची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. आमच्या रस्त्यावर नेकनूरला आणि लोखंडी सावरगावला स्त्री रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. तुमच्या रस्त्यावर काय आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत असतं. औषधं, जेवण आणि ने-आणही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हक्काचे आहेत, मागून घ्या.

पण त्या पोरीला हे सांगताना आमची जीभ अडखळली. पाच हजार रुपये उचलीपुढे किती दिवस पुरणार? साखर सगळ्यांच्या चहात पडते. टनाच्या दरात काट्याचे, गाडीचे, मुकादमाच्या कमिशनचे हिशेब असतात. त्यात पोटुशी बाईच्या चार महिन्यांच्या विसाव्याचा रकाना नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं आहे, कारखान्यांकडून टनामागे रक्कम घ्यायचीही त्यात सोय आहे. त्या पैशातून तिचा अर्धा कोयता भरता येईल. मागणी करायला आपल्या जिल्ह्याशिवाय दुसरं कोण पुढे येणार?

नोव्हेंबरच्या तपासणीला ती पोरगी परत भेटली, चुलत सासूबरोबर. हिमोग्लोबिन ९.३. आमच्यातली ती आणि ही, दोघींनी आपापली कार्डं शेजारी धरून पाहिली, शाळेत गुण पाहतात तशी. हिनं विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" तिनं मान खाली घातली. "बऱ्या हायेत म्हणत्यात."

नंबर आमच्याकडे होता. संध्याकाळी आम्ही फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी हाका मारतंय. सासू म्हणाली, "पोरीला सूज-बिज नाही ना? गोळ्या खाती ना?" आम्ही सगळं सांगितलं. मग विचारलं, "आणि तुम्ही?"

थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरच ऐकू आला.

"कंबर लई धरलीय, गुरुजी. पण तिला सांगू नका."

आम्ही सांगितलं नाही. तुम्हाला मात्र सांगतो आहोत. आज मगरिबनंतर हात उचलाल तेव्हा आमच्या बाळासोबत त्या दोघींसाठीही दुआ करा. आणि दुआ संपली की घरात एकदा नजर फिरवा. कुणीतरी बाई बसली असेल, तर तिच्याऐवजी उभं कोण आहे, ते पाहा.